आलो मदतीला, बसलो जेवायला

मेक्सिकोत बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला तेवढे येऊ नका, असं १९६८ साली अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांना तोंडावर सुनावणारा इव्हान इलिच हा कॅथलिक धर्मगुरू क्वेर्नावाका शहरात राहायचा. गंमत म्हणजे परदेशी मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारी संस्थाही त्यानेच इथे काढलेली. ती १९७६ मध्ये बंद पडली, पण गावाला लागलेली सवय सुटली नाही. स्पॅनिशच्या शाळा इथे अजून आहेतच. बँकेतून निवृत्त झाल्यावर, चर्चच्या ओळखीने, मी वसईहून स्वयंसेवक म्हणून नेमका याच गावी दाखल झालो. इलिचचं भाषण वाचलं ते आल्यावर. परतीचं तिकीट होतं, पण तारीख लांबची होती.

स्पॅनिशच्या वर्गात सुरुवातीला माझा फार वट होता. अमेरिकन मंडळी 'मे गुस्ता', म्हणजे 'मला आवडतं', याच्यापाशी अडून बसली होती. 'मला आंबा आवडतो' यात कर्तेपण आंब्याकडे, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. "मग यात मी काय करतो?" असं एकाने कळवळून विचारलं. काही करायचं नसतं बाबा, आंबा करतो सगळं. थोरामोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलायचं, याचीही त्यांना धास्ती. आणि टेबल बाई, पुस्तक पुरुष म्हटल्यावर तर वर्गात हलकल्लोळ. तीन लिंगं सांभाळत साठी गाठलेल्या माणसाला दोनच म्हणजे ज्येष्ठ नागरिकांची सवलत! 'र' कसा म्हणायचा हे दाखवायला बाई मला उभं करायच्या. मग इच्छा, शंका आणि भीती दाखवणारी क्रियापदांची निराळी रूपं आली आणि माझं राज्य खालसा झालं. माझ्या मनात त्या वेळी तीनच गोष्टी होत्या: इच्छा, शंका आणि भीती.

खरी शाळा रस्त्यावर. सकाळी गॅसवाला ओरडतो, संध्याकाळी रताळीवाल्याच्या गाडीची वाफेची शिट्टी कर्कश वाजते, आणि मध्ये केव्हाही भंगारवाल्याच्या टेम्पोतून एका लहान मुलीच्या आवाजातली ध्वनिफीत ऐकू येते: गाद्या, फ्रिज, शेगड्या, धुलाईयंत्रं, जुनं लोखंड विकत घेतो. माझं पहिलं तोंडपाठ झालेलं स्पॅनिश म्हणजे 'हे आमच्या बापा' नव्हे, ही यादी. मंडईत त्याहून बरं चालतं. वसईत भाजीवालीदेखील मला आजोबा म्हणते. इथे माझ्यासारख्याला 'खोवेन', म्हणजे 'तरुणा', अशी हाक मारून टोमॅटो गळ्यात मारतात. मी दर वेळी घेतो.

सेवा मात्र पॅरिशच्या अन्नछत्रात. मला दिलं नोपाल साफ करायचं काम. नोपाल म्हणजे आपला फड्या निवडुंग. इथे त्याची रोज भाजी होते. त्याचे मोठे काटे प्रामाणिक असतात, दिसतात तरी. लबाड ते केसाहून बारीक, झुबक्याने दडून बसलेले. सत्तरी उलटलेली माझी घरमालकीण सेन्योरा तिथलीच मुख्य. डाव्या तळव्यावर फडं आडवं धरायचं, सुरी जवळजवळ झोपवायची, देठाकडून टोकाकडे खरवडत न्यायची, उलटायचं, पुन्हा तेच, मग कडेची चिंचोळी पट्टी गोल कापून टाकायची. हे सगळं शेजारणीशी बोलता बोलता. माझी दोन फडी होईतो तिची टोपली भरली. नंतर ती चष्मा लावून, चिमटा घेऊन माझ्या बोटांतले काटे काढत बसली. म्हणजे माझ्या येण्याने अन्नछत्रात एक माणूस वाढायच्या ऐवजी एक कमी झाला.

मग मला टेबलं पुसायला बसवलं. तेही एका शाळकरी मुलीने हातातून काढून घेतलं. शेवटी ठरलं ते असं: एकट्याने जेवायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना सोबत म्हणून मी त्यांच्याशेजारी बसून जेवायचं. या कामात माझी प्रगती समाधानकारक आहे.

वसईकर असल्याचं एक जादा ओझं माझ्यावर आहे. आमचे संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात जपानला गेले आणि जपानी अशी शिकले, की मनिलाहून निघालेल्या स्पॅनिश फ्रान्सिस्कनांनी त्यांना दुभाषी म्हणून बरोबर नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत आमचे गोन्सालो होते आणि मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुसही. दोघेही १८६२ मध्ये संत ठरले. ही सारी कहाणी क्वेर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतींवर रंगवलेली आहे. झाकली गेलेली ती चित्रं गेल्या शतकात डागडुजी करताना पुन्हा उजेडात आली. ना वर्ग, ना मोबाइलवरचं ॲप, आणि तरी गोन्सालो दुभाषी! त्यांच्या गावचा मी, पोस्टात तिकीट मागायला सेन्योराला घेऊन जातो.

रविवारी मिस्सा झाल्यावर तिनेच ती भिंत दाखवली. वाटेत भेटेल त्याला माझी ओळख करून देत होती: "हिंदू आहे, पण कॅथलिक." इथे भारतातला प्रत्येक जण हिंदूच, ते दुरुस्त करायचा नाद मी सोडला आहे. भिंतीवर गाड्यांतून, होड्यांतून नेले जाणारे हुतात्मे. "मिहो, बाळा, यातला तुझा कोणता?" तिने विचारलं. चेहरे बघून कोण कोणाचा ते कळायची सोय नव्हती. मी कडेच्या एकाकडे बोट केलं. तिने मान वाकडी करून त्याला निरखलं.

"फार वाळलाय," ती म्हणाली. "दुभाषी होता ना? दुसऱ्यांचं बोलणं पोचवता पोचवता जेवायचं राहून गेलं असणार." मग मला दंडाला धरून दाराकडे वळवलं. "चल, तुझं तसं होणार नाही."