किराणावाल्याचा वाडा

"गुरुजी, ह्या बाटलीवरचा वाडा कुणाचा म्हणायचा वो?"

मावशींनी कंपाउंडच्या भिंतीवरून बाटली माझ्यापुढं धरली. आत मनी प्लांटची वेल, गढूळ पाणी आणि पांढरी मुळं. भाचा पणजीला हॉटेलात कामाला आहे. चोर्ला घाटातून गावाकडं येताना तो रिकाम्या बाटल्या आणतो आणि मावशी त्यात वेली लावतात. पाण्यानं लेबलाचा एक कोपरा सुटला होता, तरी चित्र शाबूत होतं. खांबांचा पांढरा वाडा, दारापर्यंत चढत गेलेल्या पायऱ्या.

"मावशी, ही शातो मार्गो. फ्रान्सची लाल वाईन. भरलेली असती तर परदेशात पन्नास-साठ हजारांना गेली असती. शिवाय आपल्याकडं परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात कर."

"पन्नास हजार? ह्या एवढुशा बाटलीचं?" मावशींनी ती पटकन छातीशी धरली. मग वाकून बघितलं, रिकामीच आहे म्हणताना परत भिंतीवर ठेवली. "खरं वाडा कुणाचा ते सांगा की."

"किराणा दुकानदाराचा."

आता मावशी जागच्या हलणार नव्हत्या. त्यांचे मालक गेल्यापासून मच्छेतलं दहा बाय बाराचं दुकान त्या आणि मुलगा चालवतात. बेळगावच्या रविवार पेठेतून माल आणायचा आणि इथं कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्या पोरांना उधारीवर द्यायचा. किराणावाल्याचा वाडा म्हटल्यावर त्यांनी चुलीवरची आमटी सुनेवर सोपवली.

मग मीही सुरू केलं. बोर्दो नावाचं बंदर, त्याच्या वरच्या अंगाला मेदोक नावाचा पट्टा आणि त्यात मार्गो गाव. हा वाडा 1810 नंतरच्या दशकात बांधला, लुई कोंब नावाच्या वास्तुकारानं. मळा त्याहून पुष्कळ जुना. 1855 साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा बोर्दोच्या दलालांनी तिथल्या वाइनींची प्रतवारी लावली. अव्वल प्रतीत लाल वाईनचे चारच मळे बसले. लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ.

"लातूर? आमचं?"

"तिकडचं वेगळं, मावशी."

"आणि प्रत कशावरनं लावली? चाखून?"

"नाही. गेल्या कित्येक वर्षांचा बाजारभाव बघून."

"बराबर हाय की," मावशी म्हणाल्या. "चव काय, ज्येची त्येला. भाव समद्यांना एकच दिसतोय."

वाईनवर जाडजूड पुस्तकं लिहिणाऱ्यांनाही ही गोष्ट इतकी सरळ सांगता येत नाही. ती यादी आजतागायत चालू आहे. वरच्या पायरीत एकदाच फरक झाला, 1973 मध्ये, पाचव्या मळ्याला बढती मिळाली तेव्हा.

"आणि दुकानदार?"

दुकानदाराचं नाव आंद्रे मेंत्झेलोपुलोस. माणूस ग्रीक, पात्रास गावच्या हॉटेलवाल्याचा मुलगा. साहित्य शिकला, पण कमाई केली धान्याच्या व्यापारात. बर्मा, चीन, हिंदुस्थान करत शेवटी पाकिस्तानात जम बसवला. 1958 मध्ये फ्रान्सला येऊन त्यानं फेलिक्स पोतँ नावाची किराणा दुकानांची साखळी घेतली. पॅरिसमधलं 1844 चं जुनं नाव, पण दुकानं उरलेली थोडी. यानं ती हजारावर नेली.

"हजार दुकानं? उधारी कोण वसूल करतंय?"

"रोखीचा धंदा, मावशी."

"मग होतंय." त्यांनी मान डोलावली.

तिकडं मार्गोच्या मळ्याचे दिवस फिरले होते. जिनेस्ते घराण्याकडं मालकी होती. 1973-74 च्या सुमाराला बोर्दोचा बाजार कोसळला आणि पैसा अडकला. मळ्यावर खर्च होईना, वाईनची चव उतरली. विकायला काढला तेव्हा एक अमेरिकन कंपनी पुढं आली, तर फ्रेंच सरकारनं सौदा अडवला. असला मळा परक्याच्या हाती जाऊ द्यायचा नाही म्हणून.

इथं मावशींनी मला थांबवलं. "सरकारनं मळा वाचवला? हिकडं बघा." त्यांचा हात हलग्याच्या दिशेला गेला. हलगा-मच्छे बायपासचं भांडण आमच्याकडं घराघरात आहे. मावशींच्या दिराची पट्टी त्यात आहे. पिकाऊ काळं रान, शेजारी येळ्ळूर. तिथल्या बासमतीचा भात एका घरात शिजला तर चार घरांना वास येतो. शेतकरी कोर्टात गेले, मशिनींसमोर उभे राहिले, तरी भराव पडला. मार्गोच्या वाईनला त्या गावाचं नाव लावायला कायदा लागतो. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेरच्या द्राक्षाला ते नाव लावता येत नाही. येळ्ळूरच्या नावानं बाजारात कुठला तांदूळ विकला जातो ते मावशींना विचारा. त्या दुकानदार आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. म्हणून त्या सांगणार नाहीत.

"तर 1977 मध्ये," मी गाडी रुळावर आणली, "ह्या किराणावाल्यानं बहात्तर दशलक्ष फ्रँक मोजून मळा घेतला."

"गावातली जुनी घराणी हसली असतील."

हसलीच. डाळ-साबण विकणारा ग्रीक आणि फ्रान्सचा मुकुटमणी! पण ह्या माणसानं काय केलं तर पाण्याचा निचरा सुधारला, नव्या वेली लावल्या आणि एमिल पेनो ह्या वाईनच्या पंडिताला सल्लागार नेमलं. नवी ओकची पिंपं आणली, तळघर काढायला घेतलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हलका माल मोठ्या नावानं विकायचा नाही असं ठरवलं. जो माल अव्वल नाही तो दुसऱ्या नावाखाली, पाव्हियाँ रूज. ते नाव जुनंच होतं, पण मधल्या काळात बंद पडलं होतं.

मावशी एकदम खुलल्या. "आमचे मालक हेच करायचे. एक नंबर तांदळाच्या पोत्यात दोन नंबर मिसळला तर गिऱ्हाईक एकदा फसतंय, दुसऱ्यांदा येत न्हाई. दोन नंबरला वेगळं पोतं, वेगळा भाव, आणि खुल्लं सांगून विकायचं."

मेंत्झेलोपुलोसनं नेमकं हेच केलं, आणि मला वाटतं ते त्याला जमलं कारण तो किराणावाला होता. वाड्यातल्या सरदाराला हलका माल वेगळा काढताना कमीपणा वाटतो. दुकानदाराला तो रोजचा धंदा आहे. 1978 ची वाईन निघाली तशी टीकाकारांची तोंडं बंद झाली. पण त्याला ते बघायला फार दिवस मिळाले नाहीत. 1980 च्या डिसेंबरात तो गेला.

"आणि मग?"

"मग बायको लोरा आणि मुलगी कोरीन. पोरगी तेव्हा सत्तावीसची."

"लेक!" मावशींनी पदर सावरला. "भाऊबंद आले असतील की मग. चुलते, दीर, समदे."

ते मला माहीत नाही, म्हणून मी सांगितलं नाही. एवढं नक्की की कोरीननं मळा सोडला नाही. 1983 मध्ये पोल पोंताय्ये नावाचा कोवळा शास्त्रज्ञ नोकरीला घेतला आणि तो 2016 मध्ये वारेपर्यंत तिथंच राहिला. मधे इटलीच्या अग्नेल्ली घराण्याचा, म्हणजे फियाट मोटारीवाल्यांचा, मळ्यात मोठा वाटा आला. 2003 मध्ये कोरीननं तो परत विकत घेतला. नवी इमारत बांधली ती नॉर्मन फॉस्टरकडून. किराणा साखळी मात्र तोवर घराण्यानं विकून टाकली होती, आणि 1995 मध्ये तिला कुलूप लागलं.

"दुकान गेलं आणि मळा राहिला," मावशी पुटपुटल्या. त्यांच्या पोरानं गेल्या महिन्यात दुकान विकून पिकअप घ्यायची म्हणून धोशा लावलाय. मी त्या विषयात शिरलो नाही.

"खरं गुरुजी, त्यात असतंय काय एवढं?"

द्राक्ष. मुख्य काबेर्ने सोव्हिन्यों, मग मेर्लो आणि थोडी इतर. जमीन कसली? खडी! नुसती वाळूमिश्रित गोटे-खडी. पाणी धरत नाही, म्हणून मुळं खाली खाली जातात आणि मणी बारीक, जाड सालीचे येतात. मावशींची नणंद तासगावात दिलेली. तिथल्या बेदाण्याच्या शेडवर ह्या दिवाळीला जाऊन आलेल्या. "आमच्यात एकरी दहा टन काढला न्हाई तर बँकवाला दारात उभारतंय," त्या म्हणाल्या. मार्गोत उलटं. माल जास्त धरला की वेलीवरचे कच्चे घड कापून टाकतात. हे ऐकून मावशींना घाम फुटला. मग दीड-दोन वर्षं ओकच्या पिंपात मुरवायची आणि शेवटी नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक घालायचा, पिंपाला पाच-सहा अंडी.

"अंडं?" मावशी दोन पावलं मागं. "गुरुवारी मी ही बाटली देवघराच्या खिडकीत ठेवलो होतो वो!"

"बलक गाळ घेऊन खाली बसतो, मावशी. वर राहत नाही."

"तरी पण अंडं ते अंडंच." बाटली त्यांनी चार बोटं लांब सरकवली. वेल मात्र उपटली नाही.

मग मी न्यूयॉर्कचा किस्सा काढला, कारण असल्या किश्श्यांशिवाय भिंतीवरच्या गप्पा म्हणजे मिठाशिवाय आमटी. 1989. विल्यम सोकोलिन नावाचा वाईन व्यापारी 1787 ची मार्गोची बाटली मिरवायला एका नामांकित हॉटेलात घेऊन गेला. बाटलीवर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन ह्याची आद्याक्षरं कोरलेली. पाच लाख डॉलर मागत होता. आणि बाटली कशाला तरी आपटली, भोक पडलं, लाल पाणी गालिच्यावर. विमा कंपनीनं सव्वादोन लाख डॉलर दिले.

"जमिनीवर सांडलेल्याचे?"

"सांडलेल्याचेच. मजा पुढं आहे. त्या जेफरसनच्या बाटल्या बाजारात आणल्या हार्डी रोडेनस्टॉक नावाच्या जर्मन माणसानं. त्यातल्याच लाफीतच्या एका बाटलीला 1985 मध्ये लंडनच्या लिलावात एक लाख पाच हजार पौंड मिळाले. घेणाऱ्यानं ती दिव्याखाली मांडली, तर उष्णतेनं बूच सुकून आत पडलं. पुढं बिल कोक ह्या अमेरिकन धनवानानं आपल्याकडच्या बाटल्या तपासल्या. अक्षरं विजेच्या हत्यारानं कोरल्यासारखी निघाली. जेफरसनच्या काळात वीज कुठली?"

मावशी एवढ्या हसल्या की सून बाहेर डोकावली. "म्हणजे विमावाल्यानं खोट्या बाटलीचे पैसे भरले असतील!"

"आपल्याकडं असला कोण न्हाई काय?" त्यांनी विचारलं. म्हणजे मळेवाला. होता की. शामराव चौगुले. पुणे जिल्ह्यात नारायणगावला 1980 च्या दशकात त्यांनी फेसाळ वाईन काढली, शँपेनवाल्या फ्रेंच कंपनीचं तंत्र घेऊन. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशातही गेली. कंपनीचं नाव शातो इंडाज. मराठी माणसाच्या मळ्याला शातो म्हणण्याची हिंमत तेव्हा त्यांचीच. पुढं परदेशातले वाईन कारखाने घेतले, आणि 2008 च्या मंदीनंतर कर्ज पेलेना. कंपनी अखेर न्यायालयात बुडीत निघाली. मला विचाराल तर नाशिकच्या सगळ्या टोलेजंग वाइनऱ्यांनी नारायणगावला एक नमस्कार घालायला हवा.

"पसारा वाढला की दुकान बसतंय," मावशींनी निकाल देऊन टाकला.

"आणि 2022 मध्ये तर महाराष्ट्र सरकारनं मोठ्या दुकानांत, हजार चौरस फुटांच्या वरच्या, वाईन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. अण्णा हजाऱ्यांसकट सगळे उठले, आणि प्रकरण हरकती-सूचनांत रुतलं."

मावशी गंभीर झाल्या. "म्हंजे उद्या सीमाप्रश्न सुटला आणि आपण तिकडं गेलो, तर आमच्या दुकानात बी ठेवायची काय वो?"

"तुमचं दहा बाय बारा. हजार फूट कुठं भरतंय?"

"मग आपलं बरं हाय म्हणा." पण चेहरा थोडा पडला होता.

सुनेनं आतून हाक मारली. मावशी वळल्या आणि परत फिरल्या. "आता कोण बघतंय तो मळा?"

"कोरीनची मुलं. मुलगी आणि मुलगा, दोघंही कामात आहेत."

"दोघं? एकाच मळ्यात? वाटणी झाली?"

"नाही झालेली दिसत."

"लग्नं झाल्यावर मला परत सांगा," म्हणत मावशी आमटी बघायला गेल्या.