अपडाऊनवाला

वर्ध्यात रामनगर असो की आर्वी नाका, कुठल्याही गल्लीत सकाळी सातनंतर थोडा वेळ उभं राहून पाहा. एखादं फाटक करकरतं आणि एक तरुण मोटारसायकल बाहेर ढकलतो. केस ओले, पाठीवर बॅग, दातांत पोळीची गुंडाळी, नजर मोबाइलवर. आतून आईचा आवाज येतो, "बसून दोन घास खाशीन तं काय बिघडन रे?" तो पोळी न सोडता ओरडतो, "तिनं पुलगाव सोडलं!" शेजारच्या नव्या भाडेकरूला वाटतं, पोराचं काहीतरी प्रकरण आहे. जुन्यांना माहीत असतं की 'ती' म्हणजे मुंबईकडून येणारी गाडी, आणि हा पोरगा नागपूरला अपडाऊन करतो.

आमच्या घरी हे पद माझ्या भाच्याकडे आहे. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण प्लॅटफॉर्मवर त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. तिथं तो 'टाइमटेबल'. नोकरी मिहानमधल्या एका कंपनीत, कॉम्प्युटरवर. नेमकं काय करतो हे त्यानं मला बऱ्याचदा समजावलंय. "समजा मामा, इंग्लंडात एक गिऱ्हाईक आहे," इथपर्यंत मला नीट कळतं.

वर्धा ते नागपूर अंतर सुमारे ८० किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण याच्या प्रवासात एक गंमत आहे, ती मला कळल्यापासून मी त्याच्याकडे जरा आदरानं पाहतो. मिहान नागपूरच्या अलीकडे, खापरीजवळ. याची सकाळची गाडी खापरी स्टेशनवरून धाडधाड पुढं निघून जाते. म्हणजे हा रोज ऑफिसच्या बाजूनं जातो, त्याच्याकडे एक नजर टाकतो आणि पुढं नागपूरला उतरतो. मग मेट्रो, मग सीताबर्डीला गाडी बदलून दुसरी मेट्रो, आणि आलं तेवढं मागं खापरीला. मी म्हटलं, "अरे, हे म्हणजे फारच झालं." तो म्हणाला, "मामा, २०१९ च्या आधी मेट्रोही नव्हती." या जमातीचं हे वैशिष्ट्य आहे. आजच्या त्रासाला उतारा म्हणून ते कालचा त्रास सांगतात.

समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा माझी बहीण आनंदून म्हणाली, आता हा बाइकनं भुर्रकन जाईल. त्यानं पोळी गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "आई, समृद्धीवर टू-व्हीलर चालत नाही." माझ्या बहिणीनं तेव्हापासून त्या रस्त्याचं नाव टाकलं आहे.

अपडाऊनवाल्याचा भूगोल आपल्यासारखा नसतो. शाळेत याला महाराष्ट्रातले घाट विचारले की हा छताकडे बघायचा. आता कसारा घाटात जोराचा पाऊस सुरू झाला की याला वर्ध्यात अंथरुणात कळतं, कारण सकाळची गाडी त्या घाटातून यायची असते आणि लेटमार्क याला लागायचा असतो. हिवाळ्यात दिल्लीला धुकं पडतं आणि इकडे याच्या ताटातली भाजी गार होते, कारण रात्री परतायला धरायची गाडी त्या धुक्यातून येत असते. आग्रा, मथुरा, झाशी इथलं हवामान तो रोज बघतो. शेजारच्या सेलूत पाऊस आहे का विचारलं तर सांगता येत नाही.

मोबाइलमध्ये 'व्हेअर इज माय ट्रेन' नावाचं ॲप आहे. भाविक माणूस पोथी उघडतो तसा तो ते उघडतो. पण त्याचा खरा विश्वास आहे व्हॉट्सॲपवरच्या पासवाल्यांच्या ग्रुपवर. त्या ग्रुपची भाषा मी एकदा वाचली. 'धामणगाव ८ मि.' 'आज खडूस आहे.' 'मागचा जनरल रिकामा, धावा.' खडूस म्हणजे टीसी. पासवाल्यांनी आरक्षणाच्या डब्यात बसू नये असा नियम आहे आणि जनरलच्या डब्यात जागा नसते असाही नियम आहे. या दोन नियमांच्या मधल्या फटीत माझा भाचा रोज नागपूरपर्यंत जातो. त्यासाठी त्याच्याकडे एकच वाक्य आहे आणि ते तो इतक्या मृदू आवाजात म्हणतो की घरात आम्ही कधी तो आवाज ऐकलेला नाही. "काका, थोडं सरकता का? सिंदीलाच उतरून राहिलो." काका सरकतात. सिंदी येते, जाते. काका बघतात. हा डोळे मिटून झोपलेला असतो.

झोप हा त्याचा मोठा गुण. उभ्यानं झोपतो, दांडीला लोंबकळून झोपतो, आणि स्टेशन आलं की बरोबर जागा होतो. डोळे न उघडता सांगतो, "बोरखेडी." कशावरून? तर रुळांच्या आवाजावरून. मला आधी थाप वाटली. एकदा त्याच्याबरोबर गेलो तेव्हा मी मुद्दाम खिडकीशी बसून पाट्या वाचत होतो. वरुड, सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी, गुमगाव, खापरी. एकही चुकली नाही. असा पोरगा बारावीला भौतिकशास्त्रात दोनदा का अडकला हे देवाला माहीत.

या तुळजापूरवरून एक रामायण झालं. नवा साहेब पुण्याचा. एक दिवस पुढं मालगाडी अडकल्यामुळं सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. साहेबाचा फोन आला, "कुठे आहात?" हा खरं बोलायला गेला. म्हणाला, "सर, तुळजापूरला आहे." साहेब क्षणभर गप्प. मग म्हणाले, "रजा न टाकता परस्पर देवीला गेलात?" यानं सांगायचा प्रयत्न केला की सर, हे तुळजापूर सेलू तालुक्याच्या बाजूचं. साहेबांनी नकाशा काढला, त्यात धाराशिव जिल्हा निघाला. शेवटी पासवाल्या मंडळींनी खिडकीतून स्टेशनच्या पाटीचा फोटो काढून पाठवला. साहेबांनी माफ केलं, पण वर म्हणाले, "गेलाच आहात तर प्रसाद आणा." दुसऱ्या दिवशी यानं गोरस भांडारातून गोरसपाकचा पुडा नेला. तेव्हापासून ऑफिसात गोरसपाक पोचवणं हे याचं दुसरं काम होऊन बसलंय. गायीच्या तुपातला तो खुसखुशीत प्रकार एकदा जिभेला लागला की माणूस पुन्हा मागतोच. हा तो पुडा छातीशी धरून जनरलच्या डब्यात उभा असतो. स्वतःचा डबा चेपला तरी चालेल, पुडा नाही.

वर्ध्याच्या अपडाऊनवाल्याला आणखी एक दैवी शिक्षा आहे. गावाला स्टेशनं दोन. मुंबईच्या गाड्या वर्ध्यावरून आणि दक्षिणेच्या सेवाग्रामवरून. नागपूरहून येताना सेवाग्रामपाशी रूळ फुटतात. सकाळी मोटारसायकल ठेवायची वर्धा स्टेशनच्या स्टँडवर. संध्याकाळी ऑफिस सुटेपर्यंत मुंबईची एक गाडी निघून गेलेली, दुसरीला अवकाश. तेवढ्यात दक्षिणेची एखादी लागते. मोह होतो, हा चढतो, सेवाग्रामला उतरतो, आणि मोटारसायकल दुसऱ्या स्टेशनवर. मग रात्री साडेआठला फोन. "मामा, जेवून राहिले का? नाही, आरामात जेवा. झालं की फक्त सेवाग्रामले या." मी पांढऱ्या लेंग्यावर स्कूटर काढतो. याला घ्यायचं, वर्धा स्टेशनला सोडायचं, तिथून हा त्याच्या गाडीवर आणि मी माझ्या, असे दोघं मागंपुढं घरी. वाटेत सिग्नलला शेजारी येऊन म्हणतो, "अर्धा तास वाचला आज."

याच्या वाचवलेल्या अर्ध्या तासांची किंमत बरीचशी मीच भरतो. वर्ध्यातलं प्रत्येक ऑफिस हा जाण्याआधी बंद असतं आणि हा येण्याआधी बंद होतं. आधार, बँकेचं केवायसी, गाडीचा विमा, सगळीकडे मी. वाक्य ठरलेलं: "मामा, तुम्ही तं घरीच असता न." निवृत्त माणसाला एवढं सोपं वाक्यही फार लागतं. आता बँकेतल्या बाईंना मीच तो वाटतो. परवा म्हणाल्या, "तुमचा पगार जमा झालाय." बरं वाटलं.

गेल्या वर्षी नागपूरचे दोन सहकारी याच्याकडे पाहुणे आले. त्यांना सेवाग्राम आश्रम बघायचा होता. हा शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलेला नाही, तरी मार्गदर्शक झाला. मी सोबत होतो. "गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव. पण टपाल बुलडाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं." माहिती अगदी बरोबर. माझ्याकडूनच सकाळी पाठ करून घेतली होती. बापू कुटीत पोरं शांत उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. हा दाराशी मोबाइल बघत. म्हणाला, "चला, परतीची बडनेऱ्याहून निघाली." एक पाहुणा म्हणाला, आम्हाला तर घाई नाही. याला हे वाक्य समजलंच नाही.

वर्धा जिल्ह्यात कितीतरी वर्षांपासून दारूबंदी. ऑफिसातली मंडळी नागपुरात पार्टीला बसली की हा साडेसातलाच उठतो. 'गांधींच्या जिल्ह्यातला आहे हो, संस्कार आहेत,' असं सगळे कौतुकानं म्हणतात. हा मान खाली घालून ते कौतुक स्वीकारतो. खरं कारण ती गाडी सुटली की घरी पोचायला फार उशीर होतो, हे त्यानं कोणाला सांगितलेलं नाही. एका कार्यक्रमात तर याला संयमावर दोन शब्द बोलायला लावले.

आता कोणीही विचारेल, आणि सगळे नातेवाईक विचारतातच, की नागपूरला खोली का करत नाही? केली होती. मित्रांसोबत, मनीषनगरला. आईनं गादी, कुकर, लोणचं, सगळं दिलं. महिना व्हायच्या आत हा परत. आम्ही घाबरलो, भांडण झालं की काय? म्हणाला, "तसं काही नाही. पण सहाला ऑफिस सुटते, साडेसहाला रूमवर. मग करायचं काय माणसानं?" पुढं असंही कळलं की एका संध्याकाळी हा विनाकारण नागपूर स्टेशनला गेला, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं, पासवाल्यांबरोबर चहा प्याला आणि गाडी सुटताना धावत दोन डबे सोबत गेला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

कारण त्याचं खरं आयुष्य त्या सव्वा-दीड तासात आहे. तिथं एक बँकेतला आहे, एक शिक्षिका, एक कोर्टातला, दोन मुली कुठल्याशा दवाखान्याच्या हिशेबखात्यात. डब्यातल्या वरच्या बर्थवर आंब्याचं लोणचं सगळ्यांचं असतं. वाढदिवसाचा केक कापला जातो, तोही गाडी हलायच्या आत, कारण हलली की क्रीम भलत्याच्या शर्टाला. कोर्टातल्या काकांचं बायपास झालं तेव्हा सगळ्यात आधी हीच मंडळी पोचली होती, सख्ख्या भावाच्याही आधी. भावाची गाडी लेट होती, असं यानं फार गंभीरपणे सांगितलं.

२०२० च्या मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या. ऑफिस घरी आलं. सगळ्यांना वाटलं, सुटला पोरगा. तो आठवडाभर सुटल्यासारखा वागलाही. मग बहिणीनं मला हळूच फोन करून सांगितलं, "दादा, हा डब्यातच जेवते रे." ताट वाढलं तर नको म्हणायचा. सकाळी डबा भरून घ्यायचा, गच्चीवरच्या खोलीत न्यायचा आणि दीडच्या ठोक्याला उघडायचा. संध्याकाळी सहाला बॅग पाठीवर टाकून जिना उतरायचा आणि दारात म्हणायचा, "आलो गं." पुढं गाड्या सुरू झाल्या तरी पास कितीतरी दिवस बंदच होते. पास पुन्हा मिळाला त्या दिवशी बहिणीनं त्याला ओवाळलं. तो पास आता प्लास्टिकच्या पाकिटात, मागं गजानन महाराज.

सध्या लग्नाचं बघणं सुरू आहे. बायोडाटात मी लिहिलं: नोकरी नागपूर, निवास वर्धा. इथंच गाडी अडते. मुलीकडचे विचारतात, मग पोरगी राहणार कुठं? हा खरं उत्तर देतो, "कुठंही चालेल, फक्त स्टेशनपासून दहा मिनिटं." तीन ठिकाणी चहा पिऊन प्रकरण मिटलं.

चौथी मुलगी नागपूरची. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीला, आणि रोज नागपूरहून अपडाऊन. दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. अर्धा तास झाला, पाऊण झाला. खाली पोहे गार. मुलीचे वडील माझ्याकडे बघून खूश, मी त्यांच्याकडे. शेवटी मी चढून वर गेलो. दोघं मोबाइल समोर धरून बसले होते. ती म्हणत होती, "नाही हो, तुमची जिथं बुटीबोरी सोडते तिथंच माझी भेटते रोज." हा म्हणाला, "म्हणजे मी उजव्या खिडकीत असतो तं..." ती म्हणाली, "मी दारात असते."

आता याद्या व्हायच्या आहेत. घर कुठं करायचं हा प्रश्न मोठ्यांनी काढला तेव्हा दोघं एकदमच म्हणाले, "सिंदी." साधारण मधोमध, दोघांनाही जवळपास सारखं. माझी बहीण कपाळाला हात लावून बसली. "सिंदीले काय आहे रे? तान्हा पोळा सोडला तं आपलं कोणी आहे का तिथं?" मुलीच्या आईनंही तोच सूर लावला. बैठक तासभर चालली. भाचा मात्र कोपऱ्यात चिंताक्रांत. मी जवळ जाऊन विचारलं, काय झालं, आईचं मनावर घेतलं का?

"ते नाही मामा," तो म्हणाला. "माझी सकाळची सिंदीले थांबत नाही."