काटा काही खाली येईना

ट्रॅक्टरचा काटा साडेसातशेच्या खाली येईना, तेव्हा ट्रॅक्टर नादुरुस्त असल्याचं मी जाहीर केलं. बांधावर चारपाच माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. खटाव तालुक्यातली माणसं मुंबईहून आलेल्या माणसाला तोंडावर हसत नाहीत. संध्याकाळी पारावर बसून सावकाश हसतात.

माझी तयारी पक्की होती. कुसळीला कुसळं धरायच्या आत माळाचं गवत काढावं लागतं, विळा धरायला माणूस मिळत नाही, म्हणून अण्णानं, माझ्या चुलतभावानं, ट्रॅक्टरमागे जोडायचं गवत कापायचं यंत्र जुन्यात घेतलं होतं. हे कळल्यावर लालबागच्या दोन खोल्यांत बसून मी आठ दिवस पीटीओचा अभ्यास केला. ट्रॅक्टरच्या पाठीमागे जो दांडा फिरतो आणि मागच्या यंत्राला ताकद पुरवतो, तो पीटीओ. अण्णा वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय. तरी मी त्याला फोनवर समजावून सांगितलं. १९१८ साली अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरनं असा ट्रॅक्टर बाजारात आणला, इथपासून धरलं. पुढे वेग ठरले दोन : मिनिटाला ५४० फेरे आणि १००० फेरे. ५४०च्या दांड्याला सहा खाचा, हजाराच्याला बहुधा एकवीस. एकाचं यंत्र चुकून दुसऱ्याला बसू नये म्हणून. "थोडक्यात, स्लो आणि फास्ट," मी म्हणालो. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग अण्णा म्हणाला, "दादा, येताना चिवडा आना दोन किलो."

तर यंत्रावरच्या पट्टीवर ५४० असा आकडा होता. मी ट्रॅक्टरवर चढलो. गळ्यात नवा कोरा गमछा होता, दादरच्या फुटपाथवर खास या प्रसंगासाठी घेतलेला. अण्णानं आधी तो काढून घेतला. हा दांडा सेकंदाला नऊ वेळा फिरतो. गमछ्याचं टोक त्यात गेलं तर ओरडायला तोंड उघडेपर्यंत बरंच काही उरकलेलं असतं. गमछा गेल्यावर माझा निम्मा शेतकरी तिथंच उतरला. उरलेल्या निम्म्यानं चालू ट्रॅक्टरची रेस कमी करायला घेतली, काटा ५४०वर आणायला. तो साडेसातशेला येऊन जो थांबला तो थांबला.

"दादा," अण्णा शेवटी म्हणाला, "त्ये इंजिनाचे फेरे हायत. मागच्या दांड्याचे न्हवंत."

इंजिन एकोणीसशेच्या आसपास गेलं की मागचा दांडा ५४० फिरतो. काट्याच्या तबकडीवर त्या जागी खूणही असते. ती मला दिसली होती. मला वाटलं, कंपनीची नक्षी असेल.

पण हे मान्य करणं माझ्या स्वभावात बसत नाही. "कमी रेसवर डिझेल वाचतं," असं म्हणून मी तशीच एक फेरी मारली. गवतानं आम्हाला नमस्कार केला. ट्रॅक्टर पुढं गेला तसं ते आडवं झालं आणि आम्ही वळून येईस्तोवर कमरेवर हात ठेवून पुन्हा उभं. त्याचंही बरोबर होतं. विळ्यानं कापताना आपण डाव्या हातानं मूठ धरतो. इथं मूठ धरणारा कुणी नाही. म्हणून पातं असं यावं लागतं की गवताला वाकायला सवडच मिळू नये. या यंत्राच्या पेटीत दांड्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, पाच फुटी पातं मिनिटाला हजारेक फेरे घेतं, आणि त्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर धावतं. माझ्या साडेसातशेवर ते सव्वाशेच्याही आत होतं, म्हणजे विरार फास्ट. विरार फास्टच्या वेगात गोष्टी फक्त एकमेकींवर कलतात, हे दादरला चढणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता, मला वेगातलं कळत नाही असं कुणी समजू नये. मी लालबागचा. आमच्याकडे मसाला कुटायचे डंख आहेत. डंख ज्यानं पाहिला नाही त्यानं वेगाबद्दल बोलूच नये, असं माझं मत आहे. एका आडव्या दांड्याला बोटं बसवलेली. दांडा फिरला की एकेक बोट एकेका लोखंडी मुसळाला वर उचलतं आणि सोडून देतं. धाड. मग पुढचं. धाड. एप्रिल-मे महिन्यात गल्लीत शिरायच्या आधीच शिंका येतात. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, काश्मिरी पाहुण्यांना सांगायला. धणे, दगडफूल, नाकेश्वर, सगळं घरून भाजून आणलेलं. आई पदर नाकाला लावून डंखासमोर अशी उभी राही की बँकेच्या दारावरच्या बंदूकवाल्यानं शिकावं. आपल्या आधीच्या बाईची लवंगी आपल्या ब्याडगीत उतरली तर वर्षभर तिच्या नावानं खडे फोडावे लागतात. मी डबा धरून तिच्या मागे. एकदा कंटाळून मी म्हणालो, "त्यापेक्षा चक्कीवर देऊ, पाच मिनिटांत होईल." आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बापाचं आडनाव बदलायचं म्हणालो होतो. चक्की जोरात फिरते, मसाला तापतो, वास उडतो. डंख उचलतो, टाकतो, उचलतो, टाकतो, आणि मधे मिरचीला श्वास घेऊ देतो. घरी येऊन डब्याचं झाकण उघडलं की वरच्या मजल्यावरचा माणूस खाली येऊन विचारी, "आज काय?" आज काही नसे. आज फक्त मसाला.

हे सगळं मी ट्रॅक्टरवर बसूनच सांगितलं. साडेसातशेवर इंजिन चालू होतं. वाचवलेलं डिझेल त्यात गेलं.

मग मी दुसरा शहाणपणा केला. अण्णाच्या ट्रॅक्टरला पीटीओच्या दोन जागा आहेत : साधी ५४० आणि इकॉनॉमीची ५४०. इकॉनॉमीत तोच वेग पंधराशेलाच मिळतो. आवाज कमी, डिझेल कमी. मी दांडी इकॉनॉमीत टाकली आणि रेस मात्र, आता कळलेल्या खुणेवर, एकोणीसशेला नेली. हिशेब करा : मागचा दांडा सातशेच्या जवळ गेला. यंत्र असं थरथरायला लागलं की बांधावरची माणसं न सांगता मागं सरली. अण्णा धावत आला आणि त्यानं रेस पाडली. मला उतरा म्हणाला नाही. नुसता हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला एसटीतून उतरवून घेतात तसा.

तो वर बसला. त्यानं काट्याकडे पाहिलंच नाही. रेस हळूहळू वाढवत नेली, मान थोडी डावीकडे कलली, डोळे मिटल्यासारखे झाले. एका जागी हात थांबला. पाहिलं तर काटा बरोबर पंधराशेवर.

ती मान मी ओळखली.

आबा, माझे वडील, गिरणीत फिटर होते. मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. मान डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या उमेदवारीत जुन्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, छताखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्टे एकेका साच्यावर उतरत. कुठला पट्टा सैल आहे, कुठला साचा धागा तोडणार, ते त्यांना ऐकू येई. म्हणजे मी अण्णाला अमेरिकेपासून जे समजावत होतो, ते आमच्या घरातलंच होतं. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी १८५६ साली सुरू झाली. एका इंजिनाची ताकद दांड्यावरून पन्नास यंत्रांना वाटायची, ही विद्या इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साठ वर्षं आधी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आली होती.

१८ जानेवारी १९८२ला आबा संपावर गेले. अडीच लाख गिरणी कामगारांतले एक. कामावर परत गेलेच नाहीत. चाळीत रात्री त्यांना झोप लागेना. गिरणीची घरघर बंद झाली होती. दीड वर्षानं गावी आले आणि विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करत राहिले. आज लोअर परळला गिरणीच्या जागी मॉल आहे, चिमणी तेवढी राखली आहे. तिच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात, तेव्हा मला उगाचच राग येतो. उगाचच म्हणतो, कारण तो राग खरं तर त्यांच्यावर नसतो.

"आबांनी शिकिवलं," अण्णा म्हणाला. "म्हनायचे, काटा डोळ्याला कळतो, मशीन कानाला. मी आठ-नऊ वर्साचा आसंन."

मलाही शिकवायला ते तयार होते. मी तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात नवा लागलो होतो आणि बोटांना ग्रीस लागणं मला परवडणारं नव्हतं.

अण्णानं वरचा विरळ माळ इकॉनॉमीवर कापला. खाली ओढ्याकाठी दाट मारवेल लागलं आणि इंजिन दबायला लागलं, तसा तो थांबला. दांडी साध्या ५४०त टाकली आणि एकोणीसशेवर पुढे निघाला. दाट गवताला ताकद हवी, ती इंजिन वर फिरलं तरच मिळते. हे माझ्या आठ दिवसांच्या अभ्यासातही होतं, पण मी तोंड उघडलं नाही. चार वाजेपर्यंत मी बांधावर बसून माझाच चिवडा खाल्ला.

परवा लालबागला आमचा मिक्सर कुरकुरतोय अशी बायकोची तक्रार होती. मी मोठा स्क्रूड्रायव्हर काढला, टोक मिक्सरला लावलं, मूठ कानामागे टेकवली, मान डावीकडे कलवली. बराच वेळ ऐकलं. काहीच आवाज येईना.

"आधी बटण लाव," ती म्हणाली.