बरं नाही का?

गेल्या चार वर्षांत मला ‘छान दिसतेस’ असं कोणी म्हटलेलं नाही. ‘बरं नाही का?’ असं मात्र आठवड्यातून तीनदा तरी विचारतात. वॉचमन विचारतो, भाजीवाल्या मावशी विचारतात, आणि समोरच्या काकू तर लिफ्टचं दार लागायच्या आत विचारतात. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे ‘नाही हो, बरी आहे’ असं सांगायचे. मग काकूंच्या चेहऱ्यावर ‘बरी असून अशी?’ हा पुढचा प्रश्न उमटायचा. म्हणून हल्ली मी ‘थोडी कणकण आहे’ असं सांगून टाकते. त्यात दोघींचीही अब्रू राहते.

मला दोन मुलं. चिरंजीव साडेचार वर्षांचे, धाकटी दीड वर्षाची. रोज सकाळी घरातली दोन माणसं तोंड धुऊन, भांग पाडून, पावडर लावून वेळेवर तयार असतात. ती दोन्ही मी तयार केलेली असतात. तिसरा माणूस, म्हणजे नवरा, २०१४ सालच्या कुठल्याशा मॅरेथॉनचा टीशर्ट घालून फिरतो. तो मॅरेथॉन धावलेला नाही, टीशर्ट त्याच्या भावाचा आहे. पण त्याला लिफ्टमध्ये कोणी तब्येत विचारत नाही. उलट ‘किती साधा आहे हो’ म्हणून कौतुक होतं. बाई साधी राहिली की आजारी, पुरुष साधा राहिला की थोर.

एकदा मनावर घेतलं. मासिकं चाळली, मोबाईलवरचे व्हिडिओ पाहिले. लहान मुलांच्या आयांना पाच मिनिटांत स्टायलिश करणाऱ्या युक्त्यांना तोटा नाही. त्या पाच मिनिटांबद्दल माझी तक्रार एवढीच, की ती सलग धरलेली असतात. मलाही पाच मिनिटं मिळतात, नाही असं नाही. पण एक सकाळी सहाला, दोन दूध वर येईपर्यंत, आणि उरलेली दोन बाथरूममध्ये, दारावर थापा पडत असताना.

‘उद्याचे कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवा.’ ठेवले. सकाळी माझा इस्त्रीचा कुर्ता अस्वलाच्या अंगात होता, आणि अस्वलाला ताप असल्यामुळे तो काढायला चिरंजिवांची परवानगी नव्हती. मी कालचाच कुर्ता घालून ऑफिसला गेले. अस्वल मात्र दिवसभर रुबाबात होतं.

‘कपाटात मोजकेच कपडे ठेवा.’ माझ्या कपाटात कपडे सत्तर. अंगाला होतात ते अकरा. धुतलेले चार. इस्त्री केलेला एकही नाही. ह्याहून मोजके कसे ठेवतात?

‘पांढरा लिननचा शर्ट प्रत्येकीकडे हवाच.’ माझ्याकडे होता. सकाळी नऊपासून नऊ वाजून सहा मिनिटांपर्यंत.

अशी हरत आलेली असताना मला आजी आठवली. आजीचा तरुणपणचा एकच फोटो आमच्याकडे आहे. एक मूल कडेवर, दुसरं पदराला लोंबकळतंय, तिसरं फोटोच्या बाहेर पळालंय, त्याची नुसती चड्डी दिसते. आणि आजी? नऊवारी इरकल, ठसठशीत कुंकू, नाकात नथ. जशी काही चौथं मूल होऊन गेलं तरी तिला फरक पडणार नव्हता. (झाली. एकूण सात.) तिला लिफ्टमध्ये कोणी ‘बरं नाही का’ विचारलं नसतं. लिफ्टच नव्हती, हा भाग वेगळा.

मी हिशेब मांडला. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे आजी अंगावर सत्तावीस फूट कापड वागवायची आणि त्यातला इंच न् इंच कामाला लावायची. कनवटीला सुटे पैसे. ओच्यात शेंगा, चिंचा, परसातली फुलं. पदराकडे तर स्वतंत्र खातंच होतं. चुलीवरचं पातेलं उतरवायचं, घाम पुसायचा, शेंबूड पुसायचा, वारा घालायचा, पाजताना बाळावर ओढायचा, आणि सासरे ओटीवर आले की डोक्यावर घ्यायचा. काष्ट्यामुळे पाय मोकळे. पळणाऱ्या पोराच्या मागे ती परकऱ्या पोरीसारखी धावायची. इरकल ही बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची. तिचं अंग सहसा गडद रंगाचं. काजळीचा हात लागला तरी लुगड्याने कधी चुगली केली नाही. अंगात गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. आणि लुगडं विरलं की त्याची झोळी व्हायची, झोळी विरली की दुपटी, मग गोधडी, आणि शेवटी पोतेरं. माझ्या पॉलिएस्टरच्या कुर्त्याचं पोतेरंही होत नाही. तो पाणी टिपत नाही, नुसतं इकडचं तिकडे करतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आजीचं लुगडं मूल गृहीत धरून नेसलेलं असे. आजचे बायकांचे कपडे मात्र अशा बाईसाठी बेततात जिला वाकायचं नाही, पळायचं नाही, कोणाला उचलायचं नाही आणि जिचे दोन्ही हात कायम रिकामे असतात. अशी बाई मी एकदाच पाहिली आहे. ती दुकानाच्या काचेत उभी होती आणि तिला डोकं नव्हतं.

गैरसमज नको. मला आजीच्या काळात परत जायचं नाही. सत्तावीस फूट ओलं कापड पिळायची माझ्या मनगटात ताकद नाही, आणि डोक्यावर पदर घ्यायची इच्छा नाही. मला फक्त तो ओचा हवा होता.

म्हणून मी आमच्या टेलरकाकांकडे गेले.

“काका, ह्या सगळ्या कुर्त्यांना खिसे लावून द्या.”

“ताई, लेडीजला खिसा कशाला? फिटिंग बिघडतं.”

“बिघडू दे.”

“पर्स असते ना?”

“पर्स धाकटीकडे असते.”

काकांनी चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. ती माझी पर्स टेपने मोजत होती. त्यांनी मुकाट्याने वही काढली. मीही मग मन घट्ट करून सांगितलं, “दोन्ही बाजूंना. आणि खोल.” नवऱ्याच्या पँटला पाच खिसे आहेत. त्यात एक किल्ली असते. माझ्या दोन खिशांत पहिल्याच दिवशी निघालं ते असं: अर्धं पार्ले-जी, एक मोजा, तीन चिंचोके, बाहुलीचा हात, आणि ‘आई, हे सांभाळ’ म्हणून दिलेला एक दगड. फिटिंग खरंच बिघडलं. पण माझे हात चार वर्षांनी मोकळे झाले. मोकळ्या हातांनी चालणाऱ्या बाईच्या चालीत आपोआप एक डौल येतो, हे मला त्या दिवशी कळलं. दगड उजव्या खिशात असल्यामुळे तो डौल किंचित उजवीकडे झुकलेला होता.

मग डागांचा प्रश्न हाती घेतला. वरणाचा डाग पडला की मी साबण घेऊन तुटून पडायचे आणि डाग लालबुंद व्हायचा. त्यात साबणाचा दोष नाही. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करायची जुनी रीत ह्याच तत्त्वावर आहे. म्हणजे मी डाग काढायला बसत होते आणि कुर्त्याला कुंकू लावून उठत होते. सासूबाई म्हणाल्या, “घासू नकोस गं, उन्हात टाक.” हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. दोन उन्हांत डाग गेला. कुर्त्याचाही रंग थोडा गेला, पण सगळीकडून सारखा गेला, त्यामुळे तो मुद्दाम फिका घेतलाय असं वाटतं.

आता तुळशीबागेत मी कपड्यांचा रंग मुलांच्या जेवणावरून ठरवते. दुकानदार ‘ताई, हा लेमन बघा, फ्रेश आहे’ म्हणतो. मी म्हणते, “आमटीच्या जवळ जाईल असा दाखवा.” एकदा अजरखचा कुर्ता घेतला. कच्छमधल्या अजरखपूरचं हे ठशांचं काम; निळीचा निळा, मंजिष्ठेचा लाल, आणि मध्ये बोट ठेवायला जागा नाही इतकी दाट नक्षी. लेकुरवाळ्या बाईसाठी ह्याहून मायाळू कापड नाही. बीट, डाळिंब, चॉकलेट, जे पडेल ते नक्षीत सामील होतं. परवा मी एक डाग अर्धा तास घासत होते. तो कारागिराने ठशाने उमटवलेला निघाला.

ट्रायल रूममध्येही मी आता आरशाकडे बघत नाही. आरसा उभ्या बाईला दाखवतो आणि मी उभी अशी असतेच कधी? मी आधी उकिडवी बसते. मग पलंगाखालचा चेंडू काढल्यासारखी आडवी वाकते. मग दोन्ही हात वर करून गळा किती खाली येतो ते पाहते. शेवटी अकरा किलो उचलल्याची नक्कल करते. एकदा दाराच्या फटीतून विक्रेत्या मुलीला माझी नुसती पावलंच उड्या मारताना दिसली. बाहेरून हळूच आवाज आला, “मॅडम, बरं नाही का?”

दागिन्यांचं थोडक्यात सांगते. झुमके म्हणजे धाकटीचे झोके, म्हणून कानात कुड्या. मंगळसूत्राच्या वाट्यांवर दोन्ही मुलांना दात आले. वाट्यांवरच्या खुणा मोती लावून झाकता येतील का, असं मी सोनाराला विचारलं होतं. तो ‘ठेवा, आठवण आहे’ म्हणाला. आणि केस? त्यांच्यासाठी पुण्याने आम्हाला स्कार्फ दिला आहे. स्कूटरवर बसताना डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळला की नुसते डोळे दिसतात. आत तेल आहे की कालची वेणी, कोणाला पत्ता लागत नाही. डोळ्यांत काजळ घातलं की झालं. काजळाला वीस सेकंद लागतात. माझ्या पाच मिनिटांतला हा सर्वांत फायद्याचा व्यवहार.

एवढा अभ्यास झाल्यावर परीक्षा आली. पुतण्याची मुंज. जाऊबाईंनी फर्मान काढलं, “सगळ्या जणी नऊवारी.” लक्ष्मी रोडवर हल्ली शिवलेली नऊवारी मिळते. निऱ्या, काष्टा, सगळं तयार. पायजम्यासारखी पाय घालून चढवायची आणि पदर खांद्यावर टाकायचा. मी दुकानात उकिडवी बसून पाहिली. उड्या मारून पाहिल्या. बसली! आणि आतल्या बाजूला मोबाईलपुरता एक खिसा शिवलेला निघाला. ओचा गेला होता, तो असा परत आला. मी भरल्या गळ्याने पैसे दिले.

मुंजीच्या दिवशी मी चार मिनिटांत तयार झाले. सलग. आरशात पाहिलं, तर फोटोतली आजी. पंगत बसेपर्यंत नथही जागेवर होती. मग चिरंजिवांनी श्रीखंडाचं पातेलं पाहिलं. ते हॉलच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला. मी धाकटीला पाठुंगळी घेतलं, पदर खोचला आणि धावले. दोन पाट, एक समई आणि आत्येसासूबाई ओलांडल्या. काष्टा आणि पाय दोघांनीही आजीच्या घराण्याची लाज राखली. कोणीतरी ओरडलं, “अगदी झाशीची राणी!” फोटोग्राफरने फोटो काढला. पाठीवर मूल बांधून घोडा उडवणाऱ्या राणीच्या पदराला श्रीखंडाचा हात लागला होता का, हे इतिहासाच्या पुस्तकात नाही. माझ्या पदराला लागला. पाची बोटं, केशरासकट. मी पोहोचले होते, पण चिरंजीव माझ्या आधी पोहोचले होते.

संध्याकाळी घरी आलो. नथ खिशात, अंबाडा सुटलेला, धाकटी खांद्यावर झोपलेली, चिरंजीव बोट धरून पेंगत. लिफ्टमध्ये काकू. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. काष्टा पाहिला, काजळ पाहिलं, पदरावरचा पंजाही पाहिला.

“अगं बाई, आज किती छान दिसतेस!”

चार वर्षांनी! मी ‘थँक्यू काकू’ म्हणायला तोंड उघडलं.

“उतरला वाटतं ताप,” काकू म्हणाल्या.

धाकटीने झोपेतच नाक पदराला पुसलं.