वाळलेलं पोर

मराठी घरात लहान मुलाला जाड म्हणायची सोय नाही. म्हटलं की दृष्ट लागते. ‘किती वाळलंय गं पोर!’ याला मात्र कुणाची हरकत नसते. पाहुण्यांचं तर ते कर्तव्यच. त्यामुळे आमचा नातू जन्मल्यापासून वाळतोच आहे. आधी त्याने बाळसं धरलं, मग तो गुटगुटीत झाला, पुढे ‘खात्यापित्या घरचा’ आणि सातव्या वर्षी ‘हाडापेराने थोराड’. आठव्या वर्षी वाळत वाळत ३८ किलोंवर आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उरलेला शब्द वापरला: लठ्ठ. या वयाला पंचविसाच्या आसपास पुरे, म्हणाल्या. आमच्या हिने तिथल्या तिथे मनात मीठमोहऱ्या ओवाळल्या असणार.

घरी आल्यावर आरोपीचा शोध सुरू झाला. सूनबाईंचा संशय माझ्यावर, माझा मोबाईलवर, मुलाचा शाळेच्या डब्यावर. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे वही घातली: ज्याने जे दिलं ते त्याने लिहायचं. सकाळच्या दुधात मुलगा दोन चमचे साखर घालत होता. ते ठाऊक नसल्याने ही आणखी दोन. शाळेतून आल्यावर तूप-साखर-पोळीची गुंडाळी. सूनबाई रात्री उशिरा येतात, दिवसभर भेट नाही, म्हणून क्रीमची बिस्किटं. संध्याकाळ माझी. मी त्याला बागेत नेतो, म्हणजे वाटेवरच्या वडापावच्या गाडीपर्यंत नेतो. पुढे बाग आहे असं ऐकून आहे. प्रत्येकाने नोंदीपुढे ‘थोडंसंच’ लिहिलं होतं. लहानपणी चिऊकाऊच्या नावाने घास भरवले तेव्हाही हिशेब असाच होता. चिऊकाऊ उपाशी, सगळे घास याच्या पोटात.

जेवणाची तऱ्हा तर विचारू नका. वाढायचं आजीने, आणि पानात काही टाकायचं नाही हा नियम मात्र नातवाला. समोर मोबाईल धरला की तोंड आपोआप उघडतं. पोट भरल्याचं त्याला कळायच्या आत पान संपतं, आणि संपलं म्हणून आजी पुन्हा वाढते.

हिला दोष द्यायला जीभ रेटत नाही. १९७२च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी खाऊन काढलेलं ते वर्ष. पाहुणा आला की ‘मला भूक नाही’ म्हणणारी आई तिने पाहिली आहे. अशा बाईला ‘भात कमी वाढ’ हे सांगायचं कुणी? मी एकदा सांगितलं. दोन दिवस मलाच कमी वाढलं.

बरं, ज्याला आपण वाळलेलं म्हणतो ते तरी वाळलेलं असतं का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५. आपली सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अशा अंगावर पुढे भराभर वजन चढलं की मधुमेह लवकर गाठतो. आणि नेमक्या त्याच किरकोळ अंगाकडे बघून आपण तुपाची वाटी पुढे ओढतो!

‘त्याच्या एकट्याच्या पानात काकडी वाढू नका, सगळ्यांच्या वाढा,’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बोलताना बघत होत्या माझ्या पोटाकडे. तेव्हापासून घरात सगळ्यांना काकडी आहे, दुधात साखर कुणीच घालत नाही, आणि मी बाग पाहिली. चांगली आहे. घसरगुंडी आहे, दोन झोके आहेत.

परवा माझी बहीण आली. दारातच पोराच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, ‘अगंबाई, किती वाळलाय हा! वहिनी, खायला देता की नाही?’

वजन साडेसदतीस होतं. तिच्या पिशवीत अर्धा किलो बाकरवडी होती.