मुखपृष्ठ, वीस बाय दहा

संगीताच्या मासिकाचे मुखपृष्ठ कसे वाचावे हे शिकायला कुणी चाकणला येत नाही. यायला हवे. दिवाळी जवळ आली की निगडी प्राधिकरणापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत ‘दिवाळी पहाट’चे फ्लेक्स लागतात. या पट्ट्यात संगीतासाठी एवढे मोठे मुखपृष्ठ दुसरे कुणी छापत नाही, आणि आतला मजकूर पाडव्याच्या पहाटे मैदानावर फुकट मिळतो. जाणकार मंडळी या फ्लेक्सकडे बघून नाक मुरडतात. माझे म्हणणे असे, की हे डिझाइन फसलेले नाही. ज्या कामासाठी केले ते काम ते चोख बजावते. ते काम गाण्याचे असावे, ही समजूत तेवढी आपली.

नेहमीचा नमुना घेऊ. वर डावीकडे महापुरुष, उजवीकडे गोल चौकटींत पक्षाचे नेते, आकार ज्याच्या त्याच्या पदाप्रमाणे. मधोमध ‘भव्य दिवाळी पहाट’: पिवळ्या अक्षरांना लाल कड, लाल कडेला पांढरी कड, आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून खाली सावली. त्याच्यापुढे संयोजक, पांढऱ्या कुडत्यात, हात जोडून, डोक्यापासून बुटापर्यंत. त्यांच्या खांद्यामागे ‘पहाट’मधला ‘हा’ गडप झालेला असतो. याला हसू नये. परदेशी मासिकेसुद्धा गायकाचे डोके आपल्या नावावर बिनधास्त चढू देतात. नाव सगळ्यांना पाठ आहे, हा भरवसा त्यामागे असतो. गायिका खाली अंडाकृती चौकटीत, तबलजी ‘आणि सहकारी’मध्ये. मागे कोरलवर काम करणाऱ्या पोराने तयार चित्रांतून उचललेली सतार, एक सॅक्सोफोन आणि पाश्चात्त्य स्वरलिपीच्या लहरत्या पाच रेघा. कार्यक्रम अभंगांचा आणि नाट्यगीतांचा. जागेत बसवायला चित्र उलटे फिरवल्यामुळे स्वरांच्या शेपट्या भलत्याच बाजूला गेलेल्या असतात. पण त्या स्वरांवरून कुणालाच गायचे नसल्यामुळे तक्रार येत नाही. सगळ्या फ्लेक्सवर बारीक अक्षर एकच, परवान्याचा क्रमांक. असलाच तर.

आता मुद्दा. मुखपृष्ठावर कोण झळकणार, हे पैसे कोण देतो त्यावर ठरते. ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. त्यावर एका चित्रपटातला, सैनिकाचे हेल्मेट घातलेला जॉन लेनन होता. तिथल्या प्रभागातल्या भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो शोधूनही सापडणार नाही, कारण अंक खपायचा होता तो वाचकाच्या खिशावर, आणि वाचकाला लेनन हवा होता. दिवाळी पहाटेला तिकीट नाही. फ्लेक्स छापायला जातो तेव्हाच कार्यक्रम विकला गेलेला असतो, आणि घेणारे सगळे ‘शुभेच्छुक’ म्हणून तळाच्या पट्टीत पासपोर्ट आकारात हजर असतात. भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला हे सांगावे लागणार नाही. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात ‘काढले’, ‘तपासले’, ‘मंजूर’ अशा सह्यांचा चौकोन असतो. फ्लेक्सवर तोच चौकोन सगळा कागद व्यापतो आणि पार्ट कोपऱ्यात जातो, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप डिझाइन शिकलेल्यांचा. रस्त्यावरच्या फलकावर सहा-सात शब्द पुरेत, कारण गाडी झपकन निघून जाते. कोणती गाडी? सकाळच्या शिफ्टला निघालेली कंपनीची बस तळेगाव चौकात उभी राहिली की चाळीस शुभेच्छुक नावानिशी वाचून होतात, त्यातले दादा किती आणि अण्णा किती याची विभागणी होते, तरी सिग्नल सुटत नाही. सहा शब्दांचा फलक तिथे प्रवाशांची फसवणूक ठरेल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: याच दिवाळीत चित्रकार दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ अंकाची मुखपृष्ठे लोक जपून ठेवत, आणि आपण कुठे आलो! पण ते अंक लोक विकत घेत. घेणाऱ्याची आवड जपणे चित्रकाराला भाग होते, आणि दलालांनी ती जपता जपता वाढवलीही. फुकटच्या पहाटेला येणाऱ्याची आवड विचारायची कुणाला गरज? गायिका मोठी छापून हवी असेल तर माणशी पन्नास रुपये तिकीट लावून बघावे. पुढच्याच वर्षी ती अंडाकृतीतून बाहेर येईल आणि संयोजक तिच्या जागी जातील. अर्थात तिकीट लावल्यावर पहाटे साडेपाचला किती जण उठतील, हा प्रश्न मी संयोजकांवर सोडतो.

राहिला टिकाऊपणा. मासिक रद्दीत किलोवर जाते. फ्लेक्सला तसे मरण नाही. भाऊबीज उरकली की तो खाली उतरतो आणि बाजारसमितीच्या वाटेवर कांद्याच्या टेम्पोवर ताणून बांधला जातो. गायिकेची चौकट नेमकी घडीत जाते. संयोजक मात्र पूर्ण उंचीचे असल्यामुळे मावतात, उलटे का होईना, हात जोडूनच.