रिपोर्ट पास, पेशंट वेटिंगवर

डायलिसिस सेंटरमध्ये महिन्यातून एकदा निकाल लागतो. रक्ताचा रिपोर्ट येतो, डॉक्टर त्यावर पेन टेकवतात आणि विचारतात, "काका, फॉस्फरस 7.2? पनीर खाल्लंत ना?" काकांनी खाल्लेलं असो वा नसो, चेहरा चोरी पकडल्यासारखाच होतो. निरोगी माणसाचा हा आकडा साधारण अडीच ते साडेचार असतो. किडन्या बसल्या की फॉस्फेट, म्हणजे रिपोर्टातला फॉस्फरस, बाहेर टाकणारं कुणी उरत नाही. मग अंगाला खाज सुटते, हाडं पोकळ होतात, रक्तवाहिन्यांना चुना धरतो. मशीन आठवड्यातून तीनदा चार-चार तास उपसा करतं (आपल्याकडे पैशांपायी अनेकांचं दोनदाच होतं), पण जेवण रोज असतं. उपसा भरतीला पुरा पडत नाही.

म्हणून गोळ्या. त्या जेवणातलं फॉस्फेट आतड्यातच धरून ठेवतात. यातली सेव्हेलामर पाण्याने फुगते, म्हणून चावायची नाही, अख्खी गिळायची. लँथेनम चावल्याशिवाय गिळायची नाही. दोन्ही जेवणासोबतच. आणि गोळ्या घशाखाली उतरवायला पाणी? पाणी मोजून प्यायचं, काका! अमेरिकेत 2009 साली एका अभ्यासात डायलिसिसच्या पेशंटांच्या गोळ्या मोजल्या. दिवसाला 19 हा मधला आकडा निघाला, आणि एकूण गोळ्यांपैकी जवळपास निम्म्या फॉस्फेटच्या होत्या.

एवढ्या गोळ्या गिळून माणूस जास्त जगतो का? हा प्रश्न असभ्य समजला जात असावा, कारण तो फार उशिरा विचारला गेला.

सुरुवातीला अ‍ॅल्युमिनियमची औषधं होती. आकडा झकास उतरायचा. मग पेशंट अडखळत बोलू लागले, झटके येऊ लागले, स्मृती जाऊ लागली. 1976 साली डेन्व्हरच्या डॉ. अ‍ॅलन आल्फ्रे यांनी यामागे अ‍ॅल्युमिनियम असावं असं दाखवून दिलं. डायलिसिसच्या पाण्यातूनही ते शरीरात जात होतं. रिपोर्ट मात्र छान होते. मग कॅल्शियम आलं, म्हणजे खडूचीच बहीण. स्वस्त आणि मस्त, पण तेच कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं अशी शंका आली. 1998 साली अमेरिकेत सेव्हेलामरला परवानगी मिळाली आणि कॅल्शियमविना औषध आलं म्हणून सगळे खूश झाले. 2007 साली सेव्हेलामर आणि कॅल्शियम यांच्यातल्या मोठ्या सामन्याचा निकाल लागला. दोन हजारांवर पेशंट होते. एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. 2021 साली जपानने लँथेनम आणि कॅल्शियमची कुस्ती लावली, 2,300 हून अधिक पेशंटांवर. हृदयविकाराच्या घटनांत फरक नाही. महागडा पहिलवान आणि खडू, कुस्ती बरोबरीत सुटली.

आता टेनापॅनॉर या नव्या गोळीकडे वळू. ही गोळी फॉस्फेट धरून ठेवत नाही, आतड्याच्या पेशींमधल्या फटी आवळून त्याची आत जायची वाटच अरुंद करते. कल्पना खरंच हुशार आहे, टिंगल करण्यासारखी नाही. टिंगल करण्यासारखी आहे ती चाचणीची रीत. आधी पेशंटच्या चालू गोळ्या बंद केल्या. फॉस्फेट सहाच्या वर चढेपर्यंत थांबले. मग नवी गोळी सव्वीस आठवडे दिली. त्यातून ज्यांचा आकडा किमान 1.2 ने उतरला, मुख्य हिशेबाला तेवढे धरले. त्यांच्यातल्या काहींची गोळी काढून घेतली आणि त्यांचा आकडा वर गेला म्हणून टाळ्या वाजवल्या. नापासांना घरी पाठवून पास झालेल्यांचीच सरासरी काढायची ही पद्धत आपल्याकडच्या क्लासवाल्यांना तोंडपाठ आहे. नियमांत बसतं म्हणे. बसतंच.

अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2021 साली ही गोळी अडवली. फॉस्फेट उतरतं हे मान्य, पण एवढंसं उतरल्याने पेशंटला काय मिळतं, असा त्यांचा सवाल होता. 2023 च्या ऑक्टोबरात परवानगी दिली: इतर गोळ्या पुरत नसतील किंवा सोसत नसतील तर जोडीला घ्या.  सर्वात जास्त आढळणारा दुष्परिणाम जुलाब. म्हणजे आकडा थोडा उतरतो आणि पेशंट बराच पळतो. जुन्या गोळ्यांच्या जोडीला दिली तेव्हा नकली गोळीपेक्षा सरासरी साधारण 0.65 ची घट जास्त मिळाली होती.

हे 0.65 लक्षात ठेवा. 2009 साली ओहायोत 279 पेशंटांवर आणखी एक प्रयोग झाला. औषध कुठलंच नव्हतं. अर्ध्यांना फक्त शिकवलं की दुकानात पाकीट घेताना मागची यादी वाचा आणि फॉस्फेट घातलेले पदार्थ टाळा. तीन महिन्यांनी त्यांचा आकडा इतरांपेक्षा 0.6 ने जास्त उतरला. गोळी आणि चष्मा, फरक जवळपास शून्य. पण चष्म्याचा प्रचार करायला कुठला एमआर दवाखान्यात येऊन बसतो?

शिवाय आपल्याकडे तो चष्माही अपुरा पडेल. डाळीतलं फॉस्फेट साधारण निम्म्याहून कमी अंगी लागतं, पाकिटातलं जवळजवळ सगळं. तरी पेशंटच्या पथ्याच्या कागदावर डाळ-दूध ठळक अक्षरांत, आणि चीज स्लाइसच्या पाकिटावर मुंगीच्या अक्षरात 'इमल्सिफायर (339, 452)'. कोलाच्या बाटलीवर '338'. हे आकडे म्हणजे फॉस्फेटची टोपणनावं. आत फॉस्फरस किती मिलिग्रॅम आहे हे छापायची सक्ती नाही.

हे वाचून कुणी गोळ्या फेकू नयेत. फॉस्फेट चढलेल्यांत मृत्यू जास्त दिसतात, हे निरीक्षण पक्कं आहे. ते उतरवल्याने मृत्यू उतरतात का, एवढंच अजून सिद्ध नाही. 2017 च्या जागतिक मार्गदर्शिकेतही 'फॉस्फेट कमी करा' या वाक्याशेजारी '2सी' असा दर्जा आहे, म्हणजे शिफारस पातळ आणि पुरावा कच्चा. ही ओळ काकांना कोणी वाचून दाखवत नाही.

अखेर ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने काही देशांत सरळ प्रश्नाची चाचणी उभी राहिली. सुमारे 3,600 पेशंट घ्यायचे, अर्ध्यांचा आकडा साडेचारच्या आसपास आणायचा, बाकीच्यांचा पावणेआठापर्यंत जाऊ द्यायचा आणि मग माणसं मोजायची, आकडे नाही. यात विकायला नवी गोळी नाही. ढिलं सोडलेला गट जर तितकाच जगला, तर उलट जुन्याच गोळ्या कमी खपतील. त्यामुळे पैसा सरकारी संशोधन-निधीतून आला, कंपन्या वर्गणी मागायच्या आधीच पांगल्या असाव्यात.